जवळचं स्टेशन: ओजिमा

ऑफिसच्या टेबलावरचा फोन वाजला की मी आधी आजूबाजूला बघते. मोबाइलचं तसं नाही. तो माझा असतो, उलटा ठेवता येतो. टेबलावरचा फोन सगळ्यांचा. आमच्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं बसतात, मध्ये ना भिंत ना पडदा. फोन कुणाचाही असो, समोर बसणारी मुलगी आधी उचलते आणि मग माझ्याकडे बघून सांगते की अमुक ट्रेडिंग कंपनीतून तुमच्यासाठी फोन आहे. अशी कंपनी नसते. रिक्रूटरने ती दोन मिनिटांपूर्वी जन्माला घातलेली असते. इथे जपानात ही रीतच आहे: खोट्या कंपनीचं नाव सांगून ऑफिसच्या फोनवर माणूस गाठायचा आणि तो सापडला की हळू आवाजात विचारायचं, आत्ता बोलता येईल का?

बोलता येणार नाही हे त्यालाही माहीत असतं. मी एक वाक्य घोकून ठेवलं होतं: "त्या कोटेशनबद्दल मी नंतर ईमेल करते." एवढं बोलून फोन ठेवायचा. आजूबाजूचे आपापल्या स्क्रीनकडे बघत असायचे, पण प्रत्येकाने ऐकलंय अशी माझी खात्री असायची.

नोकरी मी शोधत नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून तसं कुणाला वाटणार नाही. मला ही नोकरी हवी होती, हेच टेबल हवं होतं. मग त्या रिक्रूटर लोकांना उत्तरं तरी कशाला द्यायची, असं माझा नवरा विचारायचा. ईमेलवर, नोकरीच्या साइटवर, ज्याचा निरोप येईल त्याला मी दोन ओळी लिहायचे: आठवण ठेवल्याबद्दल आभार, सध्या बदल करायचा विचार नाही. नवरा म्हणायचा, तू लॉटरी लागल्याच्या खोट्या ईमेललाही आभाराचं पत्र धाडशील. त्याला मी सांगायचे की शिष्टाचार म्हणून काही असतं की नाही. खरं कारण भीती होती. उत्तर दिलं नाही तर माणूस दुखावेल, दुखावला तर लक्षात ठेवेल, आणि उद्या कधी खरंच गरज पडली तर? मी मुळात भित्री. शाळेत दुसऱ्याने खडू फेकला तरी बाई वळल्या की मीच उभी राहायचे.

मालवाहतुकीच्या कंपनीत मी गेली दहा वर्षं काम करते आहे. गोदामात कुठल्या रॅकवर काय ठेवलंय, कुठल्या ट्रकमध्ये काय चढलं, हे सांगणारी कॉम्प्युटर सिस्टीम सांभाळते. सिस्टीम जुनी आहे, माझ्याही आधीची. तिच्या खोडी मला पाठ आहेत. महिनाअखेरीला ती कुठे अडकणार हे मी दोन दिवस आधी सांगू शकते. ओजिमा स्टेशनजवळच्या आमच्या बिल्डिंगपासून ऑफिस सायकलवर पंधरा मिनिटं, सगळं कोतो वॉर्डातच. पाऊस असला तर रेनकोट घालून जाते. ट्रेनचा पास मी कधी काढला नाही.

त्या सुमाराला आमचा पीआरचा, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्याचा, अर्ज इमिग्रेशनमध्ये पडून होता. वर्ष उलटून गेलं होतं. नवऱ्याचा आणि मुलीचा व्हिसा माझ्या व्हिसाला बांधलेला. नवरा पुण्यात कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचा. इथे तो एका डबे भरण्याच्या कारखान्यात अरुबाइतो करतो. अरुबाइतो म्हणजे तासांवरचं काम, आणि ते तासही सरकारने आखून दिलेले. पीआर मिळाला की त्याला हवी ती नोकरी धरता येणार होती. मुलगी नववीत. तिला मराठीत विचारलं तर ती जपानीत उत्तर देते, आणि परत जायचा विषय निघाला की ताटावरून उठते. एका परवान्यावर तिघांचं सगळं अडलेलं होतं.

त्या अर्जाला जामीन लागतो. इथल्याच कुणा माणसाने सही करून सांगायचं की या बाईची हमी मी घेतो. ती सही माझ्या काचोंनी दिली होती. काचो म्हणजे विभागप्रमुख. पन्नाशी उलटलेले, मितभाषी, दुपारी टेबलावरच बसून रोज तेच अंड्याचं सँडविच खाणारे. त्यांना विचारायला मला दीड महिना लागला. शेवटी झेरॉक्स मशीनपाशी ते एकटे दिसले तेव्हा विचारलं. ते म्हणाले, घरी विचारून सांगतो. तीन दिवसांनी त्यांनी एक पारदर्शक फोल्डर माझ्या हातात ठेवलं. आत सगळे कागद क्रमाने लावलेले, वर एक कोरा फॉर्म जास्तीचा, माझ्याकडून काही चुकलं तर असावा म्हणून. म्हणाले, "यापुढेही बराच काळ बरोबर काम करू या." मी इतकी वाकले की गळ्यातलं आयकार्ड टेबलावर आपटलं.

तेव्हापासून रिक्रूटरचा साधा ईमेल जरी आला तरी मला अपराध्यासारखं वाटायचं. एका माणसाने बायकोला विचारून माझ्यासाठी सही केली आहे, आणि इथे कुणीतरी मला "आपल्यासाठी उत्तम संधी" म्हणून लिहितंय. मी दोन ओळींचं उत्तर पाठवायचे आणि लगेच दोन्ही ईमेल डिलीट करायचे, जणू ते काचोंच्या स्क्रीनवर दिसणार होतं.

अशात एका शनिवारी दुपारी एक निरोप आला तो देवनागरीत. "ताई, नमस्कार. नावावरून तुम्ही आपल्याकडच्या वाटता, म्हणून मराठीत लिहायचं धाडस करते." बाई सांगलीची. नवरा त्सुकुबाला एका संशोधन संस्थेत, मूल पाळणाघरात. तिने घरबसल्या एका रिक्रूटिंग एजन्सीचं काम धरलं होतं. मी माझ्या ठरलेल्या दोन ओळी मराठीत लिहिल्या. मराठीत त्या फार कोरड्या दिसायला लागल्या, म्हणून शेवटी "काळजी घ्या" असं जोडलं. तिथेच चुकलं. तिचं लांबलचक उत्तर आलं, की महिनाभरात मी शंभर लोकांना लिहिलं, काळजी घ्या म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच. मग फोन नंबर. मग फोन.

ती पाऊण तास बोलली. त्सुकुबाचे रस्ते एवढे रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही, सगळे गाडीने फिरतात आणि हिला गाडी येत नाही, वाऱ्याच्या तोंडावर सायकल हाणत भाजीला जावं लागतं. दिवसभरात मराठी बोलायचं ते मुलाशी, आणि तो आता पाळणाघरातली जपानी फेकतो. हे सगळं मी दहा वर्षांपूर्वी भोगलं होतं. मला तिचा लळाच लागला म्हणायचा. पुढच्या शनिवारी पुन्हा फोन आला, त्याच्या पुढच्याही. तिसऱ्यांदा तिने विचारलं, "ताई, तुमची स्किल शीट मिळेल का?"

स्किल शीट म्हणजे आमच्या धंद्यातला बायोडेटा. त्यावर नाव नसतं. आद्याक्षरं, वय, स्त्री की पुरुष, देश, घराजवळचं स्टेशन, आणि मग कुठलं काम किती वर्षं केलं त्याचा तक्ता. कंपनीचंही नाव नाही, नुसतं "वाहतूक क्षेत्र". माणूस कुठल्या स्टेशनवरून येणार हे नावापेक्षा महत्त्वाचं, कारण जाण्यायेण्याचा वेळ त्यावरून कळतो.

मी म्हटलं, बघते हं. दोन दिवसांनी तिने आठवण केली तेव्हा म्हटलं, या आठवड्यात जरा गडबड आहे. नंतर म्हटलं, जुनी आहे गं ती, दुरुस्त करायला हवी. सरळ नाही म्हणायला तोंड उघडायचं आणि त्यातून हे असलं काहीतरी बाहेर पडायचं. शेवटी ती रडवेल्या आवाजात म्हणाली की महिनाअखेरीला अमुक इतक्या शीट जमवून दाखवायच्या आहेत, नाहीतर काम जाईल. तुम्हाला कुठे पाठवणार नाही, फक्त यादीत ठेवते. नाव तर नसतंच, मग भीती कसली? मी पाठवली. पाठवताना जुनं वय बदलून त्रेचाळीस केलं, इथलं दहा वर्षांचं काम भरलं आणि स्टेशनपुढे ओजिमा लिहिलं.

नवऱ्याला जेवताना सांगितलं. त्याने विचारलं, तुला नोकरी हवी आहे का? नाही म्हटलं. मग? मी म्हटलं, तिला शीट हवी होती. तो भाताचा घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. "एवढी घाबरतेस," तो म्हणाला, "आणि एवढं करून बसतेस." मुलीने जपानीत काय झालं म्हणून विचारलं. मी तिच्या ताटात आणखी भात वाढला.

पुढचे काही आठवडे काही झालं नाही. मी विसरले असं म्हणणार नाही. मी कधी काही विसरत नाही, हाच तर माझा त्रास आहे. पण रात्री झोप लागायला लागली.

मग आमच्या टीममधल्या एकाची आई क्यूशूला आजारी पडली आणि तो नोकरी सोडून गावी निघाला. त्याच्या जागी वर्षभरासाठी बाहेरचा माणूस घ्यायचं ठरलं. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीआधी काचो माझ्या टेबलापाशी आले. हातात सहा कागद होते. म्हणाले, एजन्सीकडून शीट आल्या आहेत, तुमच्याइतकी ही सिस्टीम कुणाला माहीत नाही, प्रत्येकाबद्दल तीन-चार ओळी लिहा, शुक्रवारी बसू. मला बरं वाटलं. असं काम ते कुणालाही देत नाहीत. मी चहा आणला, पेन घेतलं आणि वाचायला बसले.

पहिले तिघं ठीक होते. चौथ्या कागदावर डावीकडे वर लिहिलं होतं: स्त्री, ४३, भारत, जवळचं स्टेशन ओजिमा.

आधी वाटलं, अरे, आपल्याच भागातली आहे. हे वाटलं त्याचं आज मला हसू येतं, तेव्हा नाही आलं. ओजिमात भारतीय बायका काय कमी आहेत. मग आद्याक्षरं बघितली. मग तक्ता. एजन्सीने तो पुन्हा टाइप केला होता, अक्षर बदललं होतं, पण मजकूर माझा होता. महिनाअखेरीच्या बिघाडाबद्दलची ओळ माझीच. कोपऱ्यात एजन्सीचा पिवळा चिकट कागद होता: सर्वांत योग्य.

योग्य असणारच. ते काम मी दहा वर्षं करत होते.

मला पहिल्यांदा कळलं की भीतीने ऐकू येणं बंद होतं. समोरची मुलगी फोनवर बोलत होती, तिचे ओठ हलताना दिसत होते. मी तो कागद इतर पाच कागदांच्या खाली सरकवला, मग वाटलं मुद्दाम खाली ठेवल्यासारखं दिसतंय, पुन्हा चौथ्या जागी ठेवला. काचोंनी हे वाचलं असेल का? वाचून मला दिलं असेल का? मला स्वतःलाच काय ते सांगू दे म्हणून? मी मान वर केली. ते सँडविचचं प्लास्टिक सोलत होते.

कोनबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तासांच्या दुकानात, जाते असं सांगून खाली उतरले आणि तिथल्या सायकल स्टँडपाशी उभं राहून त्सुकुबाला फोन लावला. ती आधी खूश झाली, मग माझा आवाज ऐकून काय झालं म्हणून विचारू लागली. तिने शपथेवर सांगितलं की तिने कुठेच पाठवली नाही. मग हळूच म्हणाली की तिची एजन्सी शीट दुसऱ्या एजन्सीला देते, ती तिसऱ्या. शेवटी कुठल्या कंपनीत जाते ते कुणालाच कळत नाही. "तुम्ही कुठे काम करता ते त्यात नसतंच ना ताई. त्यांना काय माहीत." ती रडायला लागली. शीट मागे घ्यायला सांगते म्हणाली. मी विचारलं, कारण काय सांगशील? मागे घ्यायची तर कारण लिहावं लागतं, ते तिन्ही एजन्सींतून खाली येणार, आणि आमच्या काचोंच्या टेबलावर कागद पडणार की चार नंबरची बाई तुमच्याच ऑफिसात आहे. "तू काहीएक करू नकोस," मी म्हटलं. तिला समजावता समजावता माझी जेवणाची सुट्टी संपली.

वर जाताना जिन्यात मी सगळे मार्ग मोजले. खरं सांगून टाकायचं, तर काय सांगायचं? एका अनोळखी बाईला नाही म्हणता येईना म्हणून मी नोकरीचा अर्ज केला? हे काचोंना काय, मलाही पटलं नसतं. ते हमी मागे घेऊ शकतात असं मी कुठेतरी वाचलं होतं. तसं त्यांनी केलं नसतं कदाचित. पण त्या फोल्डरमध्ये क्रमाने लावलेले कागद माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. दुसरा मार्ग गप्प बसायचा. मग "सर्वांत योग्य" म्हणून चार नंबरला मुलाखतीला बोलावतील. राहता राहिला एकच. चार नंबरला मी नापास करायचं.

बुधवारी संध्याकाळी सगळे गेल्यावर लिहायला बसले. पहिल्यांदा लिहिलं: अनुभव चांगला, परंतु आपल्या गरजेशी पूर्ण जुळत नाही. वाचलं आणि खोडलं. काचोंना गुळमुळीत चालत नाही. ते विचारणार, काय जुळत नाही? आणि तक्ता तर ओळीला ओळ जुळत होता. म्हणजे कामात खोट काढता येणार नव्हती. बाईत काढावी लागणार होती.

मग मी लिहिलं की सर्व अनुभव एकाच जुन्या सिस्टीमवरचा आहे. इतक्या वर्षांत नवीन काही शिकल्याची नोंद नाही. या वयात शिकेल अशी अपेक्षा ठेवणं कठीण. पेन थांबलं नाही, याचं मला नवल वाटलं. पुढे लिहिलं की भाषा सभ्य आहे, पण अशा व्यक्ती अडचण वेळेवर सांगत नाहीत, नकार देऊ शकत नाहीत, आणि प्रश्न मोठा झाल्यावर तो इतरांना कळतो. हे शीटवर कुठेही नव्हतं. शीटवरून हे कुणाला कळणं शक्यच नव्हतं. मी शेवटचं वाक्य खोडायला गेले आणि खोडलं नाही, कारण सगळ्या कागदांत तेवढंच एक पटण्याजोगं होतं.

गुरुवारी मी काय काम केलं ते आठवत नाही. रात्री मुलीने विचारलं, आई, तुला ताप आहे का? चक्क मराठीत विचारलं. मी नाही म्हटलं आणि तिच्या दप्तराची उगाच साफसफाई केली.

शुक्रवारी तीन वाजता छोट्या खोलीत आम्ही दोघंच बसलो. काचोंनी चष्मा काढून पुसला. पहिल्या शीटवर पाच मिनिटं गेली, दुसऱ्यावर तेवढीच. तिसरा माणूस त्यांना आवडला. त्याच्याबद्दल बरंच विचारलं. मी उत्तरं देत होते, पण लक्ष त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांकडे होतं. ती बोटं चौथ्या कागदाचं टोक दुमडत होती.

त्यांनी तो समोर घेतला. वरची ओळ वाचली. "ओजिमा," ते म्हणाले. "तिथे भारतीय बरेच राहतात ना?"

मी म्हटलं, हो, पुष्कळ राहतात. माझा आवाज मला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला. मी कुठे राहते ते त्यांना ठाऊक असणार होतं. हमीच्या फॉर्मवर माझा पत्ता होता. पण तो कोतो वॉर्डातल्या शेजारच्या भागाचा पत्ता, त्यात ओजिमाचं नाव नव्हतं, आणि मी तर सायकलवरून येणारी. ते पुढे वाचत होते. शीट वाचून झाली, मग मी लिहिलेलं. दोनदा वाचलं. इतका वेळ कुणीच घेत नाही. मी मनात वाक्य जुळवायला लागले: काचो, मला माफ करा, हे माझं आहे. जपानीत माफी मागायच्या पायऱ्या असतात, त्यातली सर्वांत वरची कुठली ते आठवेना. ओठ उघडलेसुद्धा होते.

"मलाही तसंच वाटलं होतं," काचो म्हणाले.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे सरळ बघितलं. बरोबरीच्या माणसाशी बोलावं तसं बोलले. या बाईचं काम नीटनेटकं असणार, कागदावरून दिसतंच. पण दोन वर्षांत ही सिस्टीम आपण बंद करणार आहोत, वर तसं ठरत आलंय, तुम्हाला लवकरच सांगणार होतो. मग अशा माणसाचं करायचं काय? वय झालेलं, एकाच गोष्टीत मुरलेलं. तोंडावर सांगणं फार जड जातं. "सुरुवातीलाच न घेणं हेच त्या माणसाच्याही भल्याचं," ते म्हणाले.

मी त्यांच्या कानांकडे बघत होते. काचोंना खोटं बोलता येत नाही. गिऱ्हाइकाला तारीख पुढे ढकलून सांगतानासुद्धा त्यांचे कान लालबुंद होतात, आणि आम्ही सगळे ते बघून हसतो. कान नेहमीसारखे होते. त्यांना काहीही माहीत नव्हतं. चार नंबरची बाई मी असू शकेन हे त्यांच्या मनाला शिवलंही नव्हतं, कारण त्यांच्या हिशेबी मी कुठे जाणारच नव्हते. ज्याची हमी घेतली त्या माणसाची शीट बाजारात फिरत नसते.

त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात नकार लिहून सहीऐवजी आपला छोटा लाल शिक्का मारला. पाचवा कागद घेण्याआधी म्हणाले, तुमची नजर कडक आहे, मला वाटलं होतं तुम्ही आपल्या देशाच्या माणसाला सांभाळून घ्याल. मी मान तुकवून आभार मानले. काय म्हणून मानले ते माहीत नाही, तोंडातून निघून गेलं. पाचव्या आणि सहाव्या शीटबद्दलही मी बोलले असेन.

नवऱ्याला मी मंगळवारी रात्रीच सगळं सांगितलं होतं. घरी आल्यावर त्याने दार उघडताच विचारलं. मी म्हटलं, सुटलो, त्यांना कळलं नाही. त्याने हात जोडून देव्हाऱ्याकडे बघितलं आणि मला चहा करून दिला. मुलीला त्या दिवशी आम्ही बाहेर जेवायला नेलं. दोघंही माझ्याकडे बघून हसत होते, म्हणून मीही हसत होते. सिस्टीम बंद होणार आहे, हे मी त्याला सांगितलं नाही.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत कालव्याच्या काठावरच्या बाकावर डबा उघडून बसले होते, तेव्हा त्सुकुबाहून फोन आला. तिच्या आवाजावरूनच कळलं की बातमी पोचली. "ताई, रिजेक्ट झाली. सुटलात तुम्ही." ती खरोखर आनंदली होती. मग म्हणाली की कारणही लिहून आलंय, वाचायला नको वाटतं. मी म्हटलं, वाच. ती अडखळत वाचायला लागली. या वयात शिकेल अशी अपेक्षा ठेवणं कठीण. नकार देऊ शकत नाहीत. तिन्ही एजन्सींच्या हातून येऊनही शब्द जसेच्या तसे होते.

"कोण माणसं असतात हो ही," ती म्हणाली. "तुम्हाला बघितलं नाही, भेटले नाहीत, आणि खुशाल लिहून मोकळे. तुम्ही अजिबात मनाला लावून घेऊ नका. लिहिणाऱ्याला तुम्ही काय कळणार?"

डब्यात फ्लॉवर-बटाटा होता. मी झाकण लावलं. समोरच्या पुलावरून शाळेची मुलं पिवळ्या टोप्या घालून रांगेने चालली होती. इमिग्रेशनकडून अजून काहीच आलं नव्हतं, काचोंची सही तिथल्या फायलीत होती, आणि दोन वर्षांनी माझं काय करायचं या विचाराने तोच माणूस रात्री जागणार होता. त्या चार दिवसांतली भीती आता मला किरकोळ वाटायला लागली.

तिने विचारलं, "ताई, यादीतून आत्ताच काढून टाकू ना तुमची शीट?"

"राहू दे," मी म्हटलं. "आणि या वेळेस खरंच पाठव. फक्त आधी मला कंपनीचं नाव विचार."